रात्रीचं उड्डाण: आधी उजेड, मग आवाज

२३ ऑक्टोबर २०२२, रात्रीचे १२ वाजून ७ मिनिटं. लक्ष्मीपूजनाला एकच दिवस उरला होता. श्रीहरिकोट्याच्या दुसऱ्या लाँचपॅडवरून इस्रोचं एलव्हीएम-३ हे रॉकेट वनवेब कंपनीचे ३६ उपग्रह घेऊन निघालं. उंची ४३.५ मीटर, वजन सुमारे ६४० टन.

असं रॉकेट दिवसा पाहिलं की डोळ्यांत भरतो तो त्याचा आकार: पांढरी धिप्पाड नळी, अंगावरचा तिरंगा, मागे वाढत जाणारा धुराचा खांब. रात्री हे सगळं अंधारात जातं आणि ज्वाळा तेवढी उरते. मला विचाराल तर म्हणूनच रात्रीचं उड्डाण जास्त शिकवतं. आत काय जळतंय, ते ज्वाळा उघड सांगते.

मुळात रात्रीची वेळ कुणी हौसेने निवडत नाही. उपग्रहाची कक्षा ज्या प्रतलात हवी असते, ते प्रतल अवकाशात जवळजवळ जागच्या जागी असतं आणि पृथ्वी त्याच्या आत फिरत राहते. फिरता फिरता लाँचपॅड त्या प्रतलात आलं की उडायचं. हा क्षण दुपारी येईल की मध्यरात्री, ते गणित ठरवतं. १६ सप्टेंबर २०१८ ला इस्रोचंच दुसरं रॉकेट, पीएसएलव्ही-सी४२, रात्री १० वाजून ८ मिनिटांनी दोन ब्रिटिश उपग्रह घेऊन उडालं. त्यांची कक्षा सूर्याशी वेळ जुळवून ठेवणारी होती. रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेकडे निघालेला उपग्रह अर्धी प्रदक्षिणा घालून पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाने उत्तरेकडे येतो, तेव्हा खाली सकाळचे दहा-साडेदहा वाजलेले असतात. जमिनीचे फोटो काढायला हे ऊन उत्तम. उपग्रहाला सकाळ मिळावी म्हणून आपण जागायचं, असा हा मामला.

कधी कधी रहदारीही आड येते. अवकाशात दोन यानं एकमेकांना जोडून पाहायच्या स्पेडेक्स प्रयोगाचे जोड-उपग्रह नेणारं पीएसएलव्ही-सी६० ३० डिसेंबर २०२४ ला रात्री ९:५८ ला सुटायचं होतं. वाटेत दुसरे उपग्रह जवळ येऊ नयेत म्हणून ही वेळ दोन मिनिटांनी पुढे ढकलून १० वाजून १५ सेकंदांवर नेली.

प्रत्यक्ष पाहायला जायचं तर चेन्नईहून सुळ्ळूरपेटा गाठायचं आणि पुलिकत सरोवरातून जाणाऱ्या रस्त्याने बेटावर जायचं. सामान्य लोकांसाठीची प्रेक्षक गॅलरी २०१९ पासून आहे. आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. काउंटडाउन चालू असताना एक पथ्य पाळा: मोबाइल खिशात ठेवा. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पडद्याकडे एकदा पाहिलं की ती मेहनत वाया जाते. उड्डाण झाल्यावर ती तशीही वाया जाणारच आहे, पण निदान आधी आकाश तरी पाहून होतं.

आता ज्वाळेकडे. एलव्हीएम-३ जमिनीवरून उठतं ते फक्त बाजूच्या दोन घनइंधन बूस्टरांच्या जोरावर. मधली द्रवइंधनाची इंजिनं तेव्हा चालूच नसतात. एस-२०० नावाच्या या प्रत्येक बूस्टरमध्ये दोनशे टनांहून जास्त इंधन असतं आणि त्यात सुमारे १८ टक्के ॲल्युमिनियमची पूड. म्हणजे दोन्ही मिळून सत्तरेक टन ॲल्युमिनियम दोन-सव्वादोन मिनिटांत जळून जातं. दिवाळीच्या भुईनळ्यातली पांढरीशुभ्र चमकही बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचीच असते, तेव्हा त्या रात्रीचा योग अगदी जुळून आला होता म्हणायचा.

पण एवढा उजेड का? नुसता तापलेला वायू फारसा प्रकाश देत नाही. तो आपल्या ठरावीक तरंगलांबींनाच चमकतो. ॲल्युमिनियम जळून तयार होणारं ऑक्साइड मात्र २००० अंश सेल्सिअसच्याही वर वितळतं. ज्वाळेत त्याचे असंख्य तप्त थेंब आणि कण असतात. घन आणि द्रव पदार्थ तापले की सगळ्याच रंगांचा प्रकाश फेकतात, म्हणून ती ज्वाळा पिवळसर पांढरी आणि डोळे दिपवणारी. झाडांच्या रेषेमागून ती वर येते तेव्हा माणसांच्या सावल्या जमिनीवर पडतात, आणि रॉकेट चढेल तशा त्या आखूड होत जातात. सगळे वर बघत असतात, त्यामुळे हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. एकदा मान खाली घालून बघाच. मोबाइलच्या कॅमेऱ्यात यातलं काही नीट उतरत नाही. काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका फक्त येतो.

(इस्रोच्या रॉकेटांच्या बूस्टरांचे पोलादी कवच-भाग पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरला बनत आले आहेत, आणि मधली द्रवइंधनाची इंजिनं, म्हणजे विकास इंजिनं, विक्रोळीच्या गोदरेजमध्ये. मराठी माणसाने मनातल्या मनात थोडं फुगायला हरकत नाही.)

हीच विकास इंजिनं साधारण पावणेदोन मिनिटांनी पेटतात, आणि थोड्या वेळाने रिकामे बूस्टर गळून पडतात. इथे नवख्याची फसगत ठरलेली. मघाशी आकाश उजळवणारा गोळा एकदम मंद होतो आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "बंद पडलं वाटतं!" काही बंद पडलेलं नसतं. विकासमध्ये हायड्राझीन जातीचं इंधन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड एकत्र येऊन पेटतात. त्यातून निघतो तो मुख्यतः वायू: नायट्रोजन, पाण्याची वाफ, कार्बनचे ऑक्साइड. धातूचे तप्त कण नाहीत, म्हणून झगमगाटही नाही. सर्वांत वरच्या टप्प्यात द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजन जळून जवळजवळ निव्वळ वाफ तयार होते. ती ज्वाळा तर फिकट निळी, दिसेल न दिसेल अशी. ते क्रायोजेनिक (अतिथंड इंधनावरचं) इंजिन पेटेपर्यंत मात्र रॉकेट शेकडो किलोमीटर दूर गेलेलं असतं. ते पाहायचं राहून गेलं म्हणून हळहळू नका. ते गॅलरीतून कुणालाच धड दिसत नाही.

आवाजाची गोष्ट वेगळी. ध्वनीला एक किलोमीटरला तीन सेकंद लागतात. तुम्ही पाच किलोमीटरवर असाल तर पहिली पंधरा सेकंद सगळं निःशब्द. त्या वेळात एलव्हीएम-३ अर्धा किलोमीटर वर गेलेलं असतं. मग जमिनीतून घरघर आल्यासारखी वाटते, छातीवर दाब जाणवतो, शर्टाचं कापड थरथरतं आणि पाठोपाठ तडतड सुरू होते. ही तडतड म्हणजे ध्वनीपेक्षा कितीतरी पट वेगाने बाहेर पडणाऱ्या वायूचं काम: हवेचा दाब झटक्यात चढतो आणि सावकाश उतरतो, आणि असे धक्के एकामागून एक कानावर आदळतात. दूर जाणाऱ्या रॉकेटचा आवाज अधिकाधिक मागे पडत जातो. रॉकेट वीस किलोमीटर उंचीवर असतानाचा आवाज तुमच्यापर्यंत यायला मिनिटभर लागतं. डोळ्यांना दिसणारं रॉकेट एक आणि कानांना ऐकू येणारं त्याच्या मागचं.

त्यानंतर ते खाली समुद्रात चाललंय असंही वाटतं. साधा हिशेब करू. समजा, रॉकेट ५० किलोमीटर उंच आणि तुमच्यापासून तितकंच दूर आहे. ते क्षितिजापासून ४५ अंशांवर दिसेल. तेच १५० किलोमीटर उंच पण ६०० किलोमीटर दूर गेलं की पृथ्वीची गोलाई धरून जेमतेम ११ अंशांवर. चढतंय, पण दिसतंय उतरताना.

सर्वांत देखणं दृश्य मात्र ऐन मध्यरात्री मिळत नाही. त्यासाठी जमिनीवर अंधार आणि वर ऊन हवं. सूर्य क्षितिजाखाली १२ अंशांवर असेल तर डोक्यावर साधारण १४० किलोमीटरच्या पुढे ऊन असतं. विरळ हवेत रॉकेटचा झोत पंख्यासारखा पसरतो आणि त्यावर ऊन पडलं की काळ्या आकाशात भलामोठा जेलीफिश तरंगू लागतो. सूर्य क्षितिजाच्या जितका जवळ, तितकी ही उन्हाची रेघ खाली येते. २९ जानेवारी २०२५ चं जीएसएलव्ही-एफ१५, श्रीहरिकोट्याहून झालेलं शंभरावं उड्डाण, सकाळी ६:२३ ला म्हणजे सूर्योदयाच्या जरासं आधी झालं. तारीख निवडायची सोय असेल तर पहाटेच्या किंवा तिन्हीसांजेच्या उड्डाणावर नजर ठेवा. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे ईशान्य मोसमी पाऊस असतो. तेव्हा रॉकेट ढगात शिरलं की ढगच आतून पेटल्यासारखा दिसतो आणि खेळ लवकर आटपतो.

परतीचं आरक्षण मात्र घट्ट करू नका. १५ जुलै २०१९ च्या पहाटे २:५१ ला चांद्रयान-२ उडणार होतं. राष्ट्रपती स्वतः हजर होते. ५६ मिनिटं २४ सेकंद उरली असताना तांत्रिक बिघाडामुळे काउंटडाउन थांबवलं गेलं आणि अपरात्री जागलेल्या माणसांना घरी जावं लागलं. यान उडालं ते आठवड्याने, २२ जुलैला, भर दुपारी २ वाजून ४३ मिनिटांनी.