गाडीच्या बॅटरीवर घर रात्रभर चालतं का?

वीज गेली की एक सल्ला हमखास कानावर येतो: गाडीच्या बॅटरीला इन्व्हर्टर जोडा, रात्र निघून जाईल. निघत नाही.

12 व्होल्ट, 45 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर 540 वॉट-तास, जेमतेम अर्धं युनिट. तेही सगळं वापरता येत नाही. ही बॅटरी स्टार्टरला काही सेकंद शेकडो अँपिअर देण्यासाठी घडवलेली असते. वारंवार तळापर्यंत रिकामी केली की तिच्या शिशाच्या पातळ प्लेट लवकर निकामी होतात. दोन-तीन एलईडी दिवे, राउटर, फोनचं चार्जिंग एवढं काही तास चालेल. गीझरचा विचारही नको.

इंजिन चालू ठेवलं तर अल्टरनेटर बॅटरी भरत राहतो, हे खरं. पण बंद गॅरेजमध्ये हे कधीही करू नका. इंजिनच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. आणि इन्व्हर्टरची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसू नका, कळकळीने सांगतो: वीज उलटी बाहेरच्या लाइनवर जाऊन खांबावरच्या वायरमनचा जीव घेऊ शकते.

इलेक्ट्रिक गाडीची गोष्ट निराळी. तिच्यात 40-60 युनिटं असू शकतात. मात्र बाहेर वीज देण्याची सोय त्या गाडीत असेल, तरच ती घराला मिळतात.