मील बंद पडनी

कापड उद्योगात कामगारकपातीची बातमी आली की सोबत ‘पुनर्रचना’ हा शब्द ठरलेला. खान्देशात हे प्रकरण जुनं आहे, फक्त नावं बदलत गेली.

1861 ते 65 दरम्यान अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि इथल्या कापसाच्या गाठींना भाव चढला. त्याच सुमारास रेल्वेही आली. 1870च्या दशकात जळगावात खान्देश मील उभी राहिली, 1906 मध्ये अमळनेरला प्रताप मील. मग धुळे, चाळीसगाव. (प्रतापशेठांनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिरही काढलं. गिरणीमालकानं वेदान्ताच्या अभ्यासाला पैसा पुरवावा, हे अमळनेरलाच शोभतं.)

पाळीचा भोंगा झाला की कायम कामगार फाटकातून आत जायचे. बदली कामगार बाहेर थांबायचे, आज कोणाचा खाडा पडतो ते बघत. मंदी आली की पहिली कुऱ्हाड यांच्यावर, तीही कागदावर न उमटता: याला कोणी काढलेलं नसायचं, नुसतं आत बोलावलेलं नसायचं. मग भरपाई कसली मागणार?

पुढे यंत्रं म्हातारी झाली. मालेगाव-धुळ्याच्या यंत्रमागांचं कापड स्वस्त पडे, कारण छोट्या शेडमध्ये चार-सहा माग लावले की कारखान्याचे बरेच कायदे लागू होत नसत. 1974 मध्ये केंद्रानं देशभरातल्या 103 आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. धुळ्याची न्यू प्रताप आणि चाळीसगावची लक्ष्मीनारायण मील त्यात होती. आता सरकारी नोकरी, पोराचं लग्न जमायला हरकत नाही, असा तो काळ. पण जुनी यंत्रं आणि जुनं कर्ज तसंच राहिलं. या गिरण्या चालवणारं राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ स्वतःच आजारी ठरलं आणि 2002 पासून सुधारित स्वेच्छानिवृत्ती योजना आली. त्यासाठी पैसा उभा करायचा होता तो मुख्यतः गिरण्यांच्या जमिनी विकून. यंत्राखालची जमीन यंत्रापेक्षा महाग झाली होती, खरी गोम इथेच आहे. चालू ठेवलेल्या 23 गिरण्यांत धुळे नव्हतं, चाळीसगावही नव्हतं.

औद्योगिक विवाद कायद्यातल्या 1982च्या दुरुस्तीनंतर 100 किंवा जास्त कामगार असलेला कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागत असे. नव्या औद्योगिक संबंध संहितेत ही मर्यादा 300 वर गेली आहे.

जुने कामगार मात्र यातला एकही शब्द वापरत नाहीत. अहिराणीत ‘मील बंद पडनी,’ म्हणजे बंद पडली, एवढंच म्हणतात. जळगावात खान्देश मीलच्या जागेवर आता मॉल आहे. कापूस अजून पिकतो, जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, आणि बरीचशी रुई गाठी बांधून बाहेर जाते.