गांजा, काचबिंदू आणि तीन-चार तासांचा हिशेब

‘गांजानं काचबिंदू बरा होतो’ असं छातीठोकपणे सांगणारा कुणी ना कुणी भेटतोच. ही निव्वळ थाप नाही, म्हणूनच ती खोडून काढणं अवघड जातं.

१९७१ साली हेपलर आणि फ्रँक यांनी लॉस एंजेलिसमध्ये ११ जणांना गांजा ओढायला देऊन डोळ्यातला दाब मोजला. बहुतेकांचा दाब साधारण पाव हिश्श्यानं उतरला. पुढं १९७६ मध्ये वॉशिंग्टनच्या रॉबर्ट रँडल या काचबिंदूच्या रुग्णाला, घरी गांजाची झाडं लावल्याबद्दल पकडलं असूनही, कोर्टानं ‘वैद्यकीय गरज’ म्हणून सोडलं. मग सरकारच त्याला मिसिसिपीत पिकवलेल्या गांजाच्या सिगारेटी पुरवू लागलं.

डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि एका बारीक चाळणीतून त्याचा निचरा होतो. निचरा तुंबला की दाब वाढतो; काचबिंदूत सहसा हाच दाब दृष्टिचेता, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस, खराब करतो. एरवी तो १० ते २१ मिमी पाऱ्याच्या आसपास असतो. द्रव बनतो तिथंही आणि चाळणीतही गांजातल्या टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाला प्रतिसाद देणारे ग्राही (रिसेप्टर) आहेत.

मग अडलं कुठं? असर तीन-चार तासांत ओसरतो. दाब चोवीस तास आटोक्यात ठेवायचा, तर दिवसाला सहा-आठ वेळा ओढावं लागेल. असा माणूस रिक्षा काय, शिवणयंत्रही चालवू शकणार नाही. त्यापेक्षा रात्री लॅटानोप्रोस्ट या दाब उतरवणाऱ्या औषधाचा एक थेंब टाकून झोपलेलं काय वाईट? आणि बाजारात ज्याचा बोलबाला आहे त्या सीबीडीची, म्हणजे गांजातल्याच पण नशा न आणणाऱ्या घटकाची, तर उलटीच तऱ्हा: २००६ च्या एका छोट्या प्रयोगात ४० मिलिग्रॅम सीबीडीनं दाब काही काळ चक्क वाढला होता.

खरी मेख रक्तपुरवठ्यात आहे. बागेतल्या रबरी पाइपवर कुणाचा तरी पाय पडलाय असं समजा. पाय उचलला की पाणी जोरात यायला हवं. पण त्याच वेळी कुणी नळही बारीक केला तर? टीएचसी डोळ्यातला दाब उतरवतं, पण अंगातला रक्तदाबही खाली आणू शकतं, विशेषतः उभं राहताना. आधीच खंगलेल्या दृष्टिचेतेला तेव्हा रक्त कमी पडण्याचा धोका असतो.

२०२० च्या एका अभ्यासात ड्रोनाबिनॉल, म्हणजे कृत्रिम टीएचसी, तोंडावाटे दिल्यावर दृष्टिचेतेच्या मुखाशी रक्तप्रवाह वाढलेला दिसला, आणि तोही डोळ्यातला दाब न उतरता. निष्कर्ष आशादायक आहे. पण त्यात भाग घेतलेले सगळे निरोगी होते.