ट्रॅक डेचे ब्रेक ऑइल: ५ आणि ५.१चा घोळ

१९५३च्या ले मान्स शर्यतीत जॅग्वारची डिस्क ब्रेक लावलेली सी-टाइप गाडी जिंकली आणि डिस्क ब्रेकवरच्या शंका मिटल्या. ब्रेक पॅडमध्ये मात्र पुढची कित्येक दशके अ‍ॅस्बेस्टॉसच होते; युरोपीय संघात त्यावर पूर्ण बंदी यायला २००५ उजाडले. मग रस्त्याच्या आणि ट्रॅकच्या, म्हणजे शर्यतीच्या सर्किटवरच्या, पॅडची फारकत वाढत गेली. रस्त्याचा पॅड गार असतानाही पकडतो, पण अति तापला की पेडल कडक राहूनही गाडी थांबत नाही. ट्रॅकचा पॅड तापल्यावरच खरी पकड देतो.

पेडल मऊ पडून खाली गेले, तर बहुतेक वेळा ब्रेक फ्लुइड, म्हणजे पेडलचा दाब ब्रेकपर्यंत नेणारा द्रव, उकळलेले असते. आपल्याकडे गॅरेजात त्याला सर्रास ब्रेक ऑइल म्हणतात, पण डॉट (अमेरिकी परिवहन खात्याच्या मानकातले वर्ग) ३, ४ आणि ५.१ ही ग्लायकॉल कुळातली. त्यात खरे खनिज तेल पडले तर रबरी सील फुगतात.

खरा घोळ आकड्यांचा. अमेरिकी मानकानुसार कोऱ्या फ्लुइडचा किमान उत्कलनबिंदू डॉट ३ला २०५, डॉट ४ला २३० आणि डॉट ५ला २६० अंश सेल्सिअस. डॉट ५ हे नाव सिलिकॉनच्या, जांभळ्या फ्लुइडला चिकटले. ते पाणी शोषत नाही. शिरलेले पाणी वेगळे साचते आणि १०० अंशांच्या आसपास उकळते. शिवाय सिलिकॉनचे फ्लुइड जास्त दाबले जाते, म्हणून ट्रॅकवर नकोच. नंतर तेवढाच उत्कलनबिंदू देणारे ग्लायकॉल फ्लुइड आले, त्याला ५.१ म्हटले गेले. एका टिंबाच्या फरकाने दोन न मिसळणारी रसायने शेजारी बसवली. माझ्या मते हे नामकरण सरळ चुकलेच.

त्यातून ‘मोठा आकडा म्हणजे भारी’ हा समज रुजला. ५.१ला उणे ४० अंशांतही पातळ राहावे लागते. एबीएसला (ब्रेक दाबताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेला) त्याचा फायदा. शर्यतीची कित्येक फ्लुइड थंडीत तेवढी पातळ नसतात, म्हणून डब्यावर डॉट ४ लिहितात, आणि कोरी असताना ३०० अंशांपुढेही टिकतात. २०११मध्ये ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट सुरू झाले. तिथल्या किलोमीटरभराच्या सरळ पट्ट्याच्या टोकाला ब्रेक दाबताना हाच फरक पायाला कळतो.

डब्यावर आकड्याऐवजी ‘वेट’ उत्कलनबिंदू वाचावा, म्हणजे सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यानंतरचा: डॉट ४ला किमान १५५, ५.१ला १८०, शर्यतीच्या चांगल्या फ्लुइडला २००च्या वर.