ऑपरेशन ‘थिएटर’मधले प्रेक्षक

घरच्या माणसाला आत नेलं की बाहेरच्या बाकावरून आपण फोनवर सांगतो, ‘ओटीत घेतलंय.’ त्यातला ‘टी’ थिएटरचा. हे थिएटर एके काळी खरोखरच प्रेक्षकांसाठी बांधायचे, हे पाहायचं असेल तर लंडन ब्रिज स्टेशनाजवळच्या सेंट थॉमस चर्चच्या माळ्यावर जावं लागतं. अरुंद गोल जिन्याच्या ५२ पायऱ्या चढल्या की उतरत्या छपराखाली १८२२ सालचं शस्त्रक्रियागृह समोर येतं. मधोमध लाकडी टेबल, त्याभोवती अर्धवर्तुळात चढत गेलेले उभं राहायचे टप्पे, आणि वर उजेडासाठी भलीमोठी काच.

चर्चच्या माळ्यावर कुणी कापाकापी का करावी? कारण अगदी व्यवहाराचं होतं. चर्च सेंट थॉमस हॉस्पिटलचंच. १७०३ साली बांधलेल्या या इमारतीचा माळा हॉस्पिटलचा औषधवाला वनस्पती वाळवायला आणि साठवायला वापरत असे. पुढे इथे अफूची वाळलेली बोंडंही सापडली. बायकांचा शस्त्रक्रियेचा वॉर्ड शेजारच्याच इमारतीत, माळ्याच्याच पातळीवर होता. तोवर बायकांच्या शस्त्रक्रिया वॉर्डातच, इतर रुग्णांच्या देखत व्हायच्या. भिंतीपलीकडे जागा होती, वरून उजेड मिळणार होता. पुरुषांसाठी वेगळी सोय आधीपासून होतीच.

आता प्रेक्षकांचं. १८१५च्या कायद्यानं औषधवाल्यांच्या शिकाऊ उमेदवारांना हॉस्पिटलात जाऊन शिकणं सक्तीचं झालं आणि लंडनच्या हॉस्पिटलांत पोरांची झुंबड उडाली. कवी जॉन कीट्स त्याच सुमारास शेजारच्या गाय्‌ज हॉस्पिटलात शिकत होता. (त्याच्या नावावर हा माळा खपवू नये, माळ्यावर टेबल आलं तेव्हा तो हयात नव्हता.) टेबलावर येणारी बाई गरिबाघरचीच. पैसेवाल्यांची शस्त्रक्रिया त्यांच्या घरी, प्रसंगी स्वयंपाकघरातल्या टेबलावर व्हायची. गरिबाला नामांकित सर्जन फुकट मिळे. त्या बदल्यात कोंबून उभ्या असलेल्या अनोळखी पुरुषांच्या नजरा सोसायच्या.

भूल नव्हती. इंग्लंडात ईथर आलं १८४६च्या डिसेंबरात, म्हणजे इथली पहिली चोवीस वर्षं रुग्ण शुद्धीवरच असे. म्हणून सर्जनची ख्याती त्याच्या वेगावर; पाय कापायला मिनिटभर लागलं तर हात चांगला चालला म्हणायचं. टेबलाखाली लाकडाच्या भुशाची पेटी असे, रक्त जिथे ठिबकेल तिकडे सर्जन ती पायानं सरकवत राही. जंतूंची कल्पनाच नसल्यानं रक्तापुवानं कडक झालेला कोट तसाच पुढच्या शस्त्रक्रियेला चाले. हात धुवायचं भांडं होतं, पण ते काम आटोपल्यावर वापरायचं. मला मात्र सगळ्यात बोलकी वाटते ती इथली जमीन. खालच्या चर्चच्या छतातून रक्त झिरपू नये म्हणून फळ्यांच्या दोन थरांमध्ये ३ इंच भुसा भरला होता. बांधणाऱ्यांनी अंदाज चोख बांधला होता.

माळ्याचं आयुष्य ४० वर्षांचं ठरलं. लंडन ब्रिजहून चेरिंग क्रॉसकडे जाणाऱ्या रेल्वेला हॉस्पिटलची जमीन हवी होती. हॉस्पिटल हलवावं, असं फ्लॉरेन्स नाइटिंगेलचंही मत होतं. तिची परिचारिकांची शाळा १८६० मध्ये इथेच सुरू झाली होती. १८६२ साली हॉस्पिटल गेलं. बाकीच्या बहुतेक इमारती पाडल्या, चर्च राहिलं. माळ्याकडे येणारी वॉर्डाची वाट चिणली गेली आणि वर काय आहे हे लोक विसरून गेले. आता मोडतोड करायला तरी कोण चढणार?

१९५६ साली रेमंड रसेल हे अभ्यासक हॉस्पिटलचा इतिहास धुंडाळत शिडी लावून घंटेच्या मनोऱ्यातल्या भोकातून आत शिरले. आत धूळ आणि अंधार होता. १९६२ साली संग्रहालय म्हणून माळा खुला झाला. प्रेक्षकांचे टप्पे जुन्या खुणांवरून पुन्हा बांधलेले आहेत. त्यांवर उभं राहून खाली पाहिलं की टेबल वाटतं त्याहून फार जवळ येतं.