कॉन्स्टंटाईनने शब्बाथ हलवला?

‘शनिवारचा शब्बाथ (बायबलमधला आठवड्याचा विश्रांतीचा दिवस) मोडून रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने ख्रिस्ती लोकांवर रविवार लादला’ हे वर्षानुवर्षं फिरतंय. अर्धवट आहे. इ. स. ३२१ चा त्याचा हुकूम एवढाच: रविवारी न्यायाधीश, शहरातले लोक आणि कारखाने यांनी थांबावं. शेतकऱ्यांना मात्र मोकळीक, कारण पेरणीची वेळ हुकली तर वर्षच गेलं! उपासनेचा त्यात उल्लेखही नाही. ती फार आधीची. १५५ च्या सुमारास जस्टिन हा ख्रिस्ती लेखक रोममध्ये लिहितो: रविवारी सगळे जमतात, शास्त्रवाचन होतं, भाकर-द्राक्षारस वाटतात, विधवा-अनाथांसाठी वर्गणी गोळा होते. काम बंद ठेवल्याचं त्यात कुठेच येत नाही. म्हणजे सम्राटाने दिली ती सुट्टी. वार आधीच ठरलेला होता. आणि शनिवारही पुसला गेला नाही. इथियोपियाचं ऑर्थोडॉक्स चर्च आजही दोन्ही दिवस पाळतं.