शोधिका की संग्रहालय?

मुलांनी वस्तू हाताळून शिकायच्या जागेला संग्रहालय म्हणावं की शोधिका? पुण्यात घोले रस्त्यावरचं औद्योगिक संग्रहालय (आजचं महात्मा फुले संग्रहालय) १८९०चं. अमेरिकेत ब्रुकलिनला खास मुलांसाठीचं पहिलं संग्रहालय उघडलं १८९९ मध्ये. आपलं जुनं असलं तरी तिथे वस्तू बघायच्या होत्या, हाताळायच्या नव्हत्या. शुक्रवार पेठेतलं शहराचं सर्वांत प्रसिद्ध राजा दिनकर केळकर संग्रहालय तर लहानपणीच गेलेल्या एका मुलाच्या नावाने उभं आहे. तिथले दिवे, अडकित्ते, वाद्यं काचेआड आहेत आणि तशीच हवीत. मुलांच्या हाती द्यायची वस्तू मात्र मोडली तरी चालेल अशीच लागते.

म्हणूनच 'बाल संग्रहालय' हा शब्द मला खटकत आला आहे. संग्रह नसलेल्या जागेला संग्रहालय म्हटलं की आधी इमारत आणि कपाटं डोळ्यांसमोर येतात. हाताने शिकण्याला आपण दिलेली नावंही अशीच बदलत गेली. १९३७ च्या गांधीजींच्या वर्धा शिक्षण योजनेत हस्तोद्योग होता; जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांवर 'जीवन शिक्षण मंदिर' ही पाटी अजून आहे, सूत कातायची टकळी गेली. १९६४-६६ च्या कोठारी शिक्षण आयोगानंतर 'कार्यानुभव' आला आणि परीक्षा जवळ आली की तीच तासिका गणिताला जाऊ लागली. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर 'ज्ञानरचनावाद', म्हणजे मूल स्वतःच ज्ञान रचतं हा विचार, रुळला, वर्गांच्या फरशा रंगल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवस आहेत. दर वेळी शब्द नवा मिळाला. मुलाला चुकायला लागणारा वेळ तेवढा मिळाला नाही. तो दिवाळीच्या सुट्टीत मिळतो, किल्ल्याचा बुरूज ढासळला की पुन्हा माती भिजवताना.

या शतकाच्या पहिल्या दशकात पुणे विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' या खगोलशास्त्राच्या संस्थेने मुलांसाठी केंद्र सुरू केलं आणि त्याला 'शोधिका' म्हटलं. माझ्या मते हे नाव सर्वांत नेमकं, कारण त्यात वस्तूपेक्षा मुलाचं काम आधी येतं. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब जोडून भौमितिक आकार करण्याची युक्ती मध्य प्रदेशात १९७२ ते २००२ दरम्यान चाललेल्या खेड्यांतल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमातून आलेली. शोधिकेतून ती पुण्यातल्या शाळांपर्यंत पोचली.

२०१३ मध्ये चिंचवडला सायन्स पार्क झालं. तिथली उपकरणं मोठी आणि उत्तम आहेत, पण सहलीच्या रांगेत मूल बटण दाबतं आणि पुढे सरकतं. शोधिकेतल्या साध्या मोटरीला एक सेल, एक चुंबक, दोन सेफ्टी पिना आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं पुरतं. तारेच्या एका टोकाचं वार्निश सगळीकडून खरवडायचं, दुसऱ्याचं फक्त एका बाजूने. मूल हटकून दोन्ही टोकं लखलखीत करतं आणि वेटोळं फिरायचं सोडून जागच्या जागी डुलत राहतं. मग शेजारी बसलेली ताई उत्तर सांगत नाही, दुसरी तार देते.